घराच्या पायाजवळची झाडं: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

ही माहिती एक-दोन मजली घरं, बंगले, जुने वाडे आणि छोट्या सोसायट्यांसाठी आहे. झाड तोडण्याचा किंवा पाया उकरण्याचा निर्णय घेण्याआधी निदान माती, तडे आणि परवानगी यांबद्दलचे प्रश्न वाचावेत.

झाडाची मुळं पाया फोडतात का?

चांगल्या बांधलेल्या पायाला मुळं धडका देऊन फोडत नाहीत. मुळाचं टोक नाजूक असतं. ते भुसभुशीत जागा आणि ओलावा शोधत पुढे जातं आणि वाटेत सलग काँक्रीट किंवा पक्का दगडी पाया आला की वळतं. दुमजली घराचं वजन उचलण्याइतका जोर मुळाच्या जाड होण्यात नसतो.

हलक्या बांधकामाची गोष्ट वेगळी आहे. कुंपणभिंतीचा पाया बऱ्याचदा जेमतेम ३०–४५ सें.मी. खोल असतो, आणि मुळांचा मोठा भाग जमिनीच्या वरच्या ६०–९० सें.मी.मध्येच असतो. त्यामुळे कुंपणभिंत, ओटा, पायऱ्या, पेव्हर ब्लॉक, सेप्टिक टाकीची झाकणं ही मुळांच्या थेट दाबाने उचलली जातात.

घराच्या मुख्य भिंतींना धोका असतो तो तीन मार्गांनी: मूळ पायाखालच्या चिकणमातीतलं पाणी ओढून घेतं, फुटक्या ड्रेनेज पाइपात शिरतं, किंवा वड-पिंपळासारखं झाड भिंतीतच रुजतं. तिन्हींचे उपाय वेगळे आहेत, म्हणून आधी कारण शोधायचं आणि मगच खर्च करायचा.

पाणी ओढल्याने तडे कसे जातात?

काळ्या मातीत माँटमोरिलोनाइट नावाचं खनिज असतं. ते पाणी मिळालं की फुगतं आणि वाळलं की आकसतं. उन्हाळ्यात काळ्या रानात हात जाईल एवढ्या भेगा पडतात, त्या यामुळेच. संपूर्ण घराखालची माती सारखी आकसली तर घर सारखंच खाली बसेल आणि फारसं बिघडणार नाही. त्रास होतो तो फरकामुळे. एका कोपऱ्याशी मोठा कडुनिंब आहे आणि दुसऱ्या बाजूला न्हाणीघराचं पाणी मुरतंय, तर एक कोपरा खचतो, दुसरा फुगतो आणि मधली भिंत चिरते.

झाड नसतानाही ऋतुमानानुसार काळी माती हलते. अशा मातीतल्या पाइलची (जमिनीत खोल उतरवलेल्या काँक्रीटच्या खांबाची) खोली किमान ३.५ मीटर ठेवतात ती त्यासाठीच. मोठं झाड मात्र हा कोरडेपणा आणखी खोल आणि एकाच बाजूला नेतं. दोन-तीन वर्षं पाऊस कमी झाला की पावसाळ्यातही ती खोल माती पुन्हा पूर्ण भिजत नाही. त्यामुळे वीस वर्षं ठणठणीत उभ्या घराला दुष्काळाच्या पाठोपाठ अचानक तडे जाऊ शकतात.

आपल्या घराखाली कोणती माती आहे, हे कसं ओळखायचं?

मराठवाडा आणि विदर्भातल्या जुन्या गावांची रचना लक्षात घ्या. गावठाण पांढरीवर (पांढऱ्या मातीच्या जागेवर) आणि शेती काळीत. आता शेतीच्या जमिनी बिनशेती होऊन तिथे प्लॉट पडले आहेत, म्हणजे नवीन घरं थेट काळीवर उभी राहतात. गोदावरी, पूर्णा, तापीच्या खोऱ्यांत काळ्या मातीचा थर कित्येक मीटर खोल आहे. पुणे-साताऱ्याच्या उंच भागांत बऱ्याच ठिकाणी थोड्याच खोलीवर मुरूम आणि मग खडक लागतो. कोकण आणि गोव्यात जांभा किंवा किनाऱ्याची वाळू असते. मुरूम, जांभा आणि वाळू पाण्याने फुगत-आकसत नाहीत, त्यामुळे तिथे झाडाने माती वाळवून घर खचण्याचा धोका जवळपास नसतो.

तरी अंदाजावर थांबू नका. भिंतीलगत १ मीटर × १ मीटरचा खड्डा पायाच्या तळापर्यंत खणून घ्या. पायाच्या तळाखाली मात्र खणू नका आणि एका वेळी एकच खड्डा घ्या. खोली १.२ मीटरच्या पुढे गेली तर बाजूंना फळ्यांचा आधार द्या. त्यातून पायाची खोली, मातीचा थर आणि मुळं तिन्ही कळतात.

मातीची फुगण्याची चाचणी सोपी आहे. वाळवून कुटलेली माती ४२५ मायक्रॉनच्या चाळणीतून चाळा. १०-१० ग्रॅमचे दोन भाग १०० मि.लि.च्या दोन मोजनळ्यांत टाका. एकीत पाणी, दुसरीत रॉकेल भरा, ढवळून हवा काढा आणि २४ तास ठेवा. रॉकेलमध्ये माती फुगत नाही. पाण्यातल्या मातीचं आकारमान रॉकेलमधल्यापेक्षा जितके टक्के जास्त, तो फुगण्याचा निर्देशांक. समजा रॉकेलमध्ये १२ मि.लि. आणि पाण्यात २१ मि.लि. भरलं, तर निर्देशांक ७५ टक्के. ५० टक्क्यांच्या वर आकडा गेला की माती गांभीर्याने घ्यायची. कोणत्याही सिव्हिल प्रयोगशाळेत ही चाचणी करून मिळते.

तडा झाडामुळेच गेला आहे, हे कशावरून ठरवायचं?

घाईचं निदान इथेच सगळ्यात जास्त चुकतं. अंगणात झाड दिसतं म्हणून दोष त्याच्यावर जातो आणि जोत्याशी गळणारा पाइप तसाच राहतो.

आधी तड्याचा आकार पाहा. कॉलम आणि वीटकाम यांच्या सांध्यावर सरळ उभी किंवा स्लॅबखाली आडवी जाणारी केसाएवढी रेघ बहुधा तापमानाची आणि आकुंचनाची असते. सळईच्या रेषेत गेलेला, गंजाचा डाग असलेला तडा सळई गंजल्याचा. पाया हलल्याचा तडा सहसा तिरपा जातो, खिडकी-दाराच्या कोपऱ्यातून निघतो, विटांच्या सांध्यांतून पायऱ्या-पायऱ्यांनी चढतो आणि भिंतीच्या आत-बाहेर दोन्हीकडे दिसतो. कोपरा खचत असेल तर तो वरच्या बाजूला जास्त रुंद असतो.

मग वेळ पाहा. तडा मार्च ते जूनच्या सुरुवातीपर्यंत रुंदावतो आणि ऑगस्ट-सप्टेंबरात मिटत येतो, शिवाय तो झाडाच्याच बाजूला आहे, तर झाडावर संशय घ्यायला जागा आहे. घराच्या सगळ्याच बाजूंना असं होत असेल, तर तो काळ्या मातीचा नेहमीचा ऋतुबदल. तडा पावसाळ्यात उघडतो किंवा वर्षभर नुसता वाढतच राहतो, तर आधी पाण्याची गळती शोधा: न्हाणीघर, पाण्याची टाकी, पन्हाळीखालचा खड्डा, फुटका चेंबर.

मोजमापासाठी तड्याच्या दोन्ही बाजूंना सुमारे १० सें.मी. अंतरावर दोन स्टेनलेस स्टीलचे स्क्रू बसवा आणि दर महिन्याच्या ठरलेल्या तारखेला त्यांच्यातलं अंतर व्हर्नियरने (मि.मी.चे अंश मोजणाऱ्या पट्टीने) मोजून वहीत लिहा. तिसरा स्क्रू त्रिकोणात बसवला तर भिंत वर-खाली सरकतेय का तेही कळतं. काचेची पट्टी चिकटवण्याची जुनी पद्धत एवढंच सांगते की भिंत हलली. किती आणि कुठल्या दिशेने, ते काच सांगत नाही. सोबत गवंडी वापरतात त्या पारदर्शक लेव्हल पाइपने जोत्याच्या चारही कोपऱ्यांची पातळी मेअखेर आणि सप्टेंबरअखेर घ्या. कोणता कोपरा खाली गेला हे त्यातूनच कळतं. एक पूर्ण वर्ष नोंदी हव्यातच, तडा भराभर वाढत असेल तर मात्र वर्षभर थांबू नका.

शेवटचा पुरावा खड्ड्यात मिळतो. पायाच्या तळाच्या पातळीला जिवंत मुळं आहेत आणि माती त्या बाजूला दुसऱ्या बाजूपेक्षा स्पष्ट कोरडी आहे, या दोन्ही गोष्टी एकत्र दिसायला हव्यात. अंगणात अनेक झाडं असतील तर मुळाचा तुकडा वनस्पतिशास्त्राच्या प्रयोगशाळेत देऊन झाडाची जात ओळखून घेता येते.

किती रुंद तडा धोक्याचा?

१ मि.मी.पर्यंत रंगकामातला विषय समजा. ५ मि.मी.पर्यंत दारं-खिडक्या थोड्या अडकू लागतात, मोजणी सुरू करायची हीच वेळ. ५ ते १५ मि.मी.मध्ये पाइप तुटण्याची शक्यता असते, स्ट्रक्चरल इंजिनिअर बोलवा. १५ ते २५ मि.मी. म्हणजे भिंतीचा काही भाग उतरवून नव्याने बांधावा लागू शकतो, आणि त्यापलीकडे तुळई-लिंटेलचा आधार सुटण्याचा धोका असतो. अशा खोलीत झोपू नका, टेकू लावून घ्या.

घरापासून झाड किती अंतरावर लावावं?

इंटरनेटवर फिरणारे बरेच तक्ते ब्रिटनमधल्या चिकणमातीसाठी आणि तिथल्या ओक, विलो, पॉपलरसाठी केलेले आहेत. ते तसेच उचलू नका. आपल्याकडे मातीनुसार विचार करा.

खोल काळ्या मातीत वड, पिंपळ, उंबर, पर्जन्यवृक्ष, नीलगिरी यांना पूर्ण वाढलेल्या उंचीएवढं अंतर द्या, म्हणजे १५ ते २० मीटर. लहान प्लॉटवर हे शक्यच नसतं, म्हणून ही झाडं लहान प्लॉटवर लावूच नयेत. आंबा, कडुनिंब, करंज, गुलमोहर, पेल्टोफोरम ८ ते १२ मीटरवर. बकुळ ५ ते ६ मीटरवर. प्राजक्त, कढीपत्ता, लिंबू, डाळिंब, सीताफळ, जास्वंद २ ते ३ मीटरवर चालतात.

मुरूम, जांभा किंवा खडकावर ही अंतरं साधारण निम्मी करता येतात. पण तिथे दुसरी अडचण असते. माती उथळ म्हणून मुळंही उथळ पसरतात आणि वाऱ्यात झाड उन्मळण्याची शक्यता वाढते. मूळ मादागास्करचा गुलमोहर याबाबतीत विशेष वाईट: मुळं वरवर, फांद्या ठिसूळ, फरशी उचलणार आणि जूनच्या पहिल्या वादळात मोटारीवर पडणार. फुलं कितीही देखणी असली तरी घराशेजारी तो नको.

ही अंतरं घराच्या मुख्य पायासाठी आहेत. ड्रेनेज लाइन आणि सेप्टिक टाकीपासून कोणतंही मोठं झाड किमान ५ मीटर दूर ठेवा. बांबू लावायचाच असेल तर चारही बाजूंनी बंदिस्त हौदात लावा.

नारळ, सुपारी आणि केळीचं काय?

यांची मुळं तंतुमय असतात, वर्षागणिक जाड होत नाहीत आणि पायाला त्रास देत नाहीत. नारळाचा धोका वरून असतो: फळं आणि झावळ्या. शेंडा वाकून कौलांवर येणार नाही इतक्या, म्हणजे ४–५ मीटर अंतरावर नारळ लावा. केळीला मात्र भरपूर पाणी लागतं. काळ्या मातीत जोत्याला लागून केळी लावली की तिथली जमीन सतत भिजलेली राहते, आणि ते पाणीच पायाला बाधतं.

झाड तोडलं की प्रश्न सुटतो का?

काळ्या मातीत उलटही होऊ शकतं. वर्षानुवर्षं वाळलेली माती झाड गेल्यावर हळूहळू पाणी घेते आणि फुगते. हे फुगणं एका पावसाळ्यात संपत नाही, काही वर्षं चालतं. तेवढ्या काळात जोतं आणि फरशी वर उचलली जाते.

म्हणून पहिला प्रश्न विचारायचा: आधी झाड की आधी घर? घर झाडापेक्षा जुनं असेल तर झाड तोडल्यावर माती घर बांधतानाच्या पातळीकडे परत जाते आणि तडे मिटतात, धोका कमी. झाड घरापेक्षा जुनं असेल तर घर वाळलेल्या मातीवरच बांधलं गेलेलं आहे, आणि झाड तोडल्यावर ती आधी कधी नव्हती इतकी वर येऊ शकते. अशा वेळी इंजिनिअरच्या सल्ल्याशिवाय तोडू नका. नवीन प्लॉटवरची झाडं साफ करून लगेच पाया घेणंही याच कारणासाठी घातक आहे. निदान दोन पावसाळे जाऊ द्या, किंवा पाया त्या थराच्या खाली न्या.

छाटणीने पाण्याची ओढ कमी होते का?

हलक्या छाटणीने नाही. झाड पुन्हा पालवतं आणि काही महिन्यांत पानांची भरपाई करतं. परिणाम हवा असेल तर शेंड्याचा विस्तार खूपच कमी करावा लागतो आणि तो दर एक-दोन वर्षांनी तसाच ठेवावा लागतो. सगळ्या फांद्या छाटून बोडकं केलेलं झाड सडतं, त्याला अशक्त फुटवे येतात आणि ते जास्त धोकादायक होतं. छपरावर आलेल्या फांद्या काढायला छाटणी योग्य आहे. पाया वाचवण्याचा तो भरवशाचा उपाय नाही.

उन्हाळ्यात झाडाच्या घराविरुद्ध बाजूला, खोडापासून २–३ मीटरवर आळं करून आठवड्यातून एकदा भरपूर पाणी देणं याहून बरं. मुळांना तिकडे ओलावा मिळतो. हे पाणी भिंतीलगत द्यायचं नाही.

मुळं कापून मध्ये अडसर घालता येतो का?

येतो, पण जपून. घर आणि झाड यांच्यामध्ये, शक्य तितका घराच्या जवळ, १ ते १.२ मीटर खोल चर खणतात. त्यात किमान १ मि.मी. जाडीचा एच.डी.पी.ई. (टणक प्लास्टिकचा) पत्रा उभा बसवतात, सांधे वितळवून जोडतात आणि पत्र्याची कड जमिनीच्या वर ५ सें.मी. ठेवतात, नाहीतर मुळं वरून ओलांडतात. चर जोत्यापासून किमान १ मीटर दूर आणि पायाच्या तळापेक्षा खोल नको, नाहीतर पायाचाच आधार जातो. पाया उथळ आणि अडसर खोल हवा असेल तर इंजिनिअरशिवाय खणू नका.

झाडाच्या बाजूने मर्यादा अशी: खोडाचा व्यास छातीच्या उंचीवर मोजा. त्याच्या पाचपट अंतराच्या आत मुळं कापू नका. ४० सें.मी. जाड खोड असेल तर २ मीटर. त्याच्या आतली मुळं झाडाला उभं धरतात. ती कापली की झाड त्याच पावसाळ्यात घरावर येऊ शकतं. एकाच बाजूची मुळं कापायची, तीही करवतीने स्वच्छ. जे.सी.बी.च्या बादलीने ओढलेली मुळं चिरफाळतात आणि त्यात कूज शिरते. काम पावसाळ्यानंतर, नोव्हेंबरच्या सुमारास करावं, म्हणजे झाडाला सावरायला वेळ मिळतो.

खोल काळ्या मातीत मुळं पत्र्याखालून जाऊ शकतात. तिथे अडसरावर पूर्ण भिस्त ठेवू नका.

ड्रेनेज वारंवार तुंबतं, मुळं शिरली असतील का?

जुन्या घरांत चिनी मातीचे पाइप सिमेंटच्या सांध्यांनी जोडलेले असतात. सांधा चिरला की वाफ आणि ओल बाहेर येते आणि केसासारखं मूळ आत शिरतं. आत अन्नपाणी भरपूर, त्यामुळे बघता बघता त्याचा जाडजूड झुबका होतो. दर दोन-तीन महिन्यांनी तुंबणं आणि चेंबरमध्ये बारीक तपकिरी तंतू दिसणं ही ओळख.

खात्रीसाठी खालच्या चेंबरमध्ये पाइपाचं तोंड रबरी प्लगने बंद करा, वरच्या चेंबरपर्यंत पाणी भरा आणि अर्धा तास पातळी पाहा. पातळी उतरली तर पाइप गळतो. काळ्या मातीत हे दुहेरी नुकसान आहे. गळणारं पाणी मुळांना बोलावतं आणि त्याच जागी माती फुगवतं.

सळईने किंवा मशीनने मुळं कापून घेतली तर काही महिने निभावतं. कायमचा उपाय म्हणजे पाइप बदलणं: ११० मि.मी.चे भूमिगत ड्रेनेजचे यू.पी.व्ही.सी. पाइप, रबर रिंगचे सांधे, १:६० ते १:१०० उतार, खाली आणि भोवती १० सें.मी. वाळू. रबर रिंगचा सांधा जमीन थोडी हलली तरी निसटत नाही. चेंबरमध्ये पाइप जिथे शिरतो तिथला सांधा मात्र सगळ्यात आधी चिरतो, तो बारकाईने भरून घ्या. झाड तोडून पाइप तसाच ठेवला तर दुसऱ्या झाडाची मुळं येतील.

भिंतीत पिंपळ उगवला आहे. काय करावं?

वड, पिंपळ, उंबर यांची फळं पक्षी खातात आणि बी विष्ठेतून गच्चीच्या कठड्यावर, पाइपाच्या कोपऱ्यात, चिरलेल्या गिलाव्यात पडतं. मूळ चुन्याच्या किंवा मातीच्या सांध्यात शिरतं आणि जाड होताना दगड-विटा एकमेकांपासून ढकलतं. इथे मात्र मूळ खरोखर भिंत फोडतं. आठ-दहा वर्षांत डबराची भिंत पोटातून फुगू शकते.

रोप बोटाएवढं असेल तर पावसाळ्यात भिंत ओली असताना सांधा कोरून मुळासकट काढा. पिंपळाला हात लावायला गवंडी अनेकदा तयार नसतात. त्यांना सांगा की रोप ओल्या फडक्यात गुंडाळून मोकळ्या जागी लावणार आहोत, आणि खरंच लावा. या वयात ते जगतं.

खोड जाड झालं असेल तर ओढू नका, भिंतच सोबत येईल. काम कोरड्या हंगामात असं करतात:

१. भिंत सुटण्याची शक्यता असेल तर आधी टेकू द्या.
२. खोड भिंतीपासून ५ सें.मी. ठेवून करवतीने कापा.
३. खुंटात ८–१० मि.मी. ड्रिलने ४–५ सें.मी. खोल, खाली तिरपी भोकं पाडा.
४. काही मिनिटांच्या आत त्यांत आणि कापलेल्या कडेवर तणनाशक भरा. उशीर झाला की चीक सुकून तोंड बंद होतं आणि औषध आत जात नाही.
५. फुटवे आले तर तेच पुन्हा करा. मूळ पूर्ण मरायला काही महिने लागतात.
६. मेल्यावर सैल झालेला भाग उतरवून मूळ काढा आणि भिंत भरा.

तणनाशकाबद्दल एक महत्त्वाची गोष्ट: ऑक्टोबर २०२२ मध्ये केंद्र सरकारने ग्लायफोसेट या तणनाशकाचा वापर फक्त परवानाधारक कीडनियंत्रण व्यावसायिकांमार्फत करण्याचं बंधन घातलं. म्हणून हे काम त्यांच्याकडून करून घ्या.

पाचवी पायरी बहुतेक लोक वगळतात. खोड कापून वरून सिमेंट थापतात, आणि पुढच्या जूनमध्ये पिंपळ गिलावा फोडून बाहेर येतो.

भराई मूळ भिंतीसारखी हवी. चुन्याच्या वाड्याला चुना-सुरखीचाच (सुरखी म्हणजे विटांची पूड) मसाला आणि ग्राउट, म्हणजे पोकळीत भरायचा पातळ मसाला. सिमेंट कडक आणि कमी श्वास घेणारं असतं, त्याच्या कडेने ओल साचून जुना दगड खराब होतो. सिमेंटच्या भिंतीत सिमेंट ग्राउट १–२ किलो प्रति चौ. सें.मी. एवढ्याच दाबाने भरा, जास्त दाबाने भिंत फुगते.

हिंग, मीठ, अॅसिड घालून पिंपळ मरतो का?

हिंगाचा भरवसा नाही. मीठ भिंतीत झिरपून पोपडे आणतं आणि सळया गंजवतं. अॅसिड चुना आणि सिमेंट दोन्ही खातं आणि माणसाला भाजतं. तिन्ही टाळा.

तडे कधी आणि कसे भरावेत?

हालचाल थांबल्याशिवाय कडक मसाल्याने भरू नका. मेमध्ये तडा पूर्ण उघडलेला असताना सिमेंटने भरला, तर सप्टेंबरात माती फुगल्यावर भिंतीला मिटायला जागा राहत नाही आणि ती शेजारी फुटते. मोजणी चालू असेपर्यंत पाणी आत जाऊ नये म्हणून लवचिक अॅक्रिलिक फिलर पुरेसा. हालचाल थांबल्यावर विटांच्या सांध्यांत दर ४–६ थरांनी ६ मि.मी.च्या स्टेनलेस स्टीलच्या सळ्या, तड्याच्या दोन्ही बाजूंना ५० सें.मी. जातील अशा बसवून शिवण घालतात.

पायाखाली नवीन काँक्रीट घालायची वेळ आली तर ते एका वेळी १–१.२ मीटर लांबीच्या तुकड्यांत, शेजारचे तुकडे सोडून, इंजिनिअरच्या देखरेखीखालीच करायचं. त्याआधी स्वस्त काम उरका: घराभोवती १–१.२ मीटर रुंद प्लिंथ प्रोटेक्शन (जोत्याला लागून पक्की फरशी), बाहेरच्या बाजूला १:४० उतार, भिंतीशी सांधा बिट्युमिनने बंद आणि गच्चीचं पाणी पाइपाने लांब सोडलेलं. बरेच तडे एवढ्यानेच थांबतात.

प्लॉटवर जुनं झाड आहे, ते ठेवून घर बांधायचं आहे.

उत्तम निर्णय आहे, आणि जमतो. काळ्या मातीत रुरकीच्या केंद्रीय इमारत संशोधन संस्थेत विकसित झालेले अंडर-रीम्ड पाइल हा सिद्ध मार्ग आहे. तळाशी पाइलच्या दांड्याच्या अडीचपट व्यासाचा फुगवटा असलेले हे पाइल किमान ३.५ मीटर खोल जातात. मोठ्या झाडाशेजारी खोली त्याहून वाढवावी लागते, ती माती तपासणीवरून ठरवा. पाइलवरच्या बीमखाली ७५–१०० मि.मी. पोकळी ठेवा, म्हणजे माती फुगली तरी बीमला उचलणार नाही. गवंडी ही पोकळी हमखास मुरमाने भरून टाकतात. काँक्रीटच्या दिवशी स्वतः उभे राहून पाहा.

आय.आय.टी. मुंबईच्या प्रा. आर. के. कट्टी यांनी मांडलेली पद्धत, म्हणजे काळ्या मातीवर सुमारे १ मीटर न फुगणाऱ्या चिकट मुरमाचा दाबलेला थर, फुगणं आवरायला चांगली आहे. पण झाडाने खालची माती वाळवणं हा थर थांबवत नाही, म्हणून झाडाजवळ तेवढ्यावर भागवू नका.

बांधकाम चालू असताना खोडाच्या व्यासाच्या बारापट त्रिज्येत खडी-वाळूचे ढीग, ट्रकची ये-जा आणि भराव टाळा. दबलेल्या मातीत मुळं गुदमरतात आणि झाड तीन-चार वर्षांनी वाळतं. तेव्हा त्याचं कारण कुणाच्या लक्षात येत नाही.

तोडायला किंवा छाटायला कुणाची परवानगी लागते?

महापालिका आणि नगरपालिकांच्या हद्दीत ‘महाराष्ट्र (नागरी क्षेत्रे) झाडांचे संरक्षण व जतन अधिनियम, १९७५’ लागू आहे. झाड स्वतःच्या अंगणातलं असलं तरी वृक्ष अधिकाऱ्याकडे अर्ज करावा लागतो. झाडाला इजा करणंही तोडण्यातच मोडतं, म्हणजे बुंध्यात अॅसिड ओतणं हा पळवाटीचा मार्ग नाही. २०२१ च्या दुरुस्तीनंतर ५० वर्षं किंवा त्याहून जुन्या झाडांना हेरिटेज वृक्ष म्हणून जास्त संरक्षण आहे. ग्रामीण भागात साग, आंबा, फणस, चिंच, जांभूळ अशा अनुसूचित झाडांसाठी १९६४ चा वृक्षतोड नियमनाचा कायदा पाहावा लागतो. गोव्यात १९८४ चा वृक्षसंरक्षण कायदा आहे.

अर्जासोबत झाडाचे आणि तड्यांचे मोजपट्टीसह फोटो, अंतर दाखवणारा नकाशा, मासिक नोंदी आणि इंजिनिअरचा अहवाल जोडा. ‘झाड धोकादायक आहे’ एवढ्या एका वाक्याच्या अर्जावर पाहणीत सहसा छाटणीचीच शिफारस होते.

शेजाऱ्याच्या झाडामुळे आपलं घर चिरतंय. काय करता येईल?

आधी बोला, मग नोंदी आणि अहवालासह लेखी पत्र द्या, मग वृक्ष अधिकाऱ्याकडे तक्रार करा. आपल्या हद्दीत आलेल्या फांद्या-मुळांनाही परवानगीशिवाय हात लावू नका. झाड पडून जीविताला धोका असेल तर भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम १५२ खाली, म्हणजे पूर्वीच्या कलम १३३ खाली, कार्यकारी दंडाधिकाऱ्यांकडे अर्ज करता येतो. नुकसानभरपाई हवी असेल तर दिवाणी न्यायालय. तिथे सगळा भर पुराव्यावर असतो, म्हणून वर सांगितलेली मोजणीची वही आजपासून सुरू करा.

घराच्या विम्यात हे नुकसान मिळतं का?

१ एप्रिल २०२१ पासून सुरू झालेल्या ‘भारत गृह रक्षा’ या प्रमाणित पॉलिसीत झाड घरावर पडणं आणि घराखालची जमीन खचणं दोन्ही धरलेलं आहे. नवीन बांधकामाचं नेहमीचं बसणं, सदोष आराखडा आणि निकृष्ट काम मात्र वगळलेलं आहे. तड्यांच्या दाव्यावर वाद नेमका इथेच होतो. पॉलिसी घेतानाचे भिंतींचे तारखेसह फोटो जपून ठेवा.

झाड घरावर पडेल का, हे आधी कळतं का?

बऱ्याचदा कळतं. बुंध्याच्या एका बाजूची जमीन फुगलेली, दुसऱ्या बाजूला भेग, बुंध्यावर आळंबी, ठोकल्यावर पोकळ आवाज, नव्याने आलेला कल. केबल किंवा पाइपासाठी गेल्या वर्षभरात बुंध्याजवळ खणलं असेल तर जास्तच लक्ष द्या. बुंध्यापर्यंत केलेलं काँक्रीट किमान १ मीटर त्रिज्येत फोडून माती मोकळी करा. ही पाहणी मेमध्ये करायची. कल अचानक वाढला तर त्या बाजूच्या खोल्या रिकाम्या करा आणि अग्निशमन दलाला १०१ वर कळवा. मुंबईत १९१६. तारांवर फांदी असेल तर १९१२ वर कळवून वीज बंद झाल्याशिवाय कुणीही जवळ जाऊ नये.

परवानगीने झाड तोडलं. बुंधा तसाच ठेवला तर चालेल का?

घरापासून ५ मीटरच्या आत असेल तर नको. कुजणाऱ्या बुंध्यात वाळवी येते आणि तिथून चौकटींपर्यंत पोचते. बुंधा ३०–४० सें.मी. खोल किसून काढा, भुसा तिथेच न पुरता उचला आणि खड्डा मुरमाने १५-१५ सें.मी.चे थर पाणी मारून, धुम्मसने ठोकून भरा. पायाकडे गेलेली जाड मुळं उकरून काढू नका, ती जमिनीत हळूहळू कुजू द्या. त्या बाजूचं जोतं पुढची दोन वर्षं लेव्हल पाइपने तपासत राहा, आणि वाळवीविरोधी औषधाची फवारणी खड्डा बुजवायच्या आधी करून घ्या.